वाचकांचे प्रश्न : सकाळच्या मीटिंगची धास्ती

प्रश्न

स. न. वि. वि.

मी वडगाव, बेळगाव येथे राहतो. वय ३५. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आठ वर्षे काढली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, घरचे यंत्रमाग बंद पडले आणि थोरला मुलगा म्हणून मला परत यावे लागले. मामांच्या ओळखीने बेळगावजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत नोकरी लागली. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) आलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करून ही कंपनी वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवते. मुख्य कार्यालय बेंगळूरला आहे. पगार चाकणपेक्षा कमी असला तरी आपल्या गावात, आपल्या माणसांत काम करायला मिळेल, या आशेने रुजू झालो. त्याला साडेचार वर्षे झाली आणि आता रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधड सुरू होते.

रोज सकाळी साडेआठ वाजता मीटिंग असते. आदल्या दिवसाच्या रिजेक्शनचे (नाकारल्या गेलेल्या भागांचे) आकडे पडद्यावर येतात आणि ज्याच्या विभागाचा आकडा लाल असेल त्याने उभे राहायचे, अशी पद्धत आहे. प्लांट हेड त्या माणसाचे शिक्षण, त्याचा पगार, त्याचे घरदार यांवरून बोलतात आणि बाकीचे खाली माना घालून बसतात. महिनाअखेरीस डिस्पॅचचा आकडा गाठण्यासाठी तपासणी न झालेला माल गाडीत भरला जातो. ग्राहकाची तक्रार आली की उत्तर मात्र मी द्यायचे. अलीकडे तर अशा मालाचे तपासणी अहवाल मागच्या तारखेने भरून सही करण्यास सांगितले जाते. रात्री अकरा-बारापर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारणा चालू असते. एचआरकडे गेलो तर “साहेबांचा स्वभावच तसा आहे, मनाला लावून घेऊ नका,” असे सांगण्यात आले आणि संध्याकाळपर्यंत माझी तक्रार साहेबांच्या कानावर गेली. गेटवर मात्र ‘आपण सारे एक कुटुंब’ असा फलक आहे.

मी मराठी असल्यामुळे माझ्या वाट्याला हे येते का, असेही कधी वाटते. माझे कन्नड कामापुरते आहे आणि साहेब चिडले की कन्नडमध्येच बोलतात. पण माझा बैलहोंगलचा सहकारी, ज्याच्या घरी कन्नडच बोलतात, तोही दिवाळीनंतर राजीनामा देऊन गेला. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये उभा राहून रडत होता. परवा एका ट्रेनी मुलाने चुकीचा गेज (माप तपासण्याचे साधन) वापरला, तेव्हा मीही त्याला सर्वांदेखत फैलावर घेतले. वरून दाब आला की तो खाली जाणारच, त्याला इलाज नाही. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी यंदा पहिलीत गेली आहे, आणि मामांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. सोडावे तर जावे कुठे, आणि राहावे तर कसे?

— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर

आधी सहीविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रात अपमानाला जास्त जागा मिळाली असली तरी खरा धोका त्या सहीत आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये झालेला अपमान दुसऱ्या नोकरीत गेल्यावर मागे राहील. मागच्या तारखेच्या अहवालावरची सही मात्र तुमच्याबरोबर येईल. उद्या त्या भागामुळे एखादी गाडी रस्त्यात बंद पडली, किंवा त्याहून वाईट काही घडले, तर ग्राहकाची माणसे लॉट नंबर (मालाच्या तुकडीचा क्रमांक) धरून अहवाल काढतील आणि त्यावर प्लांट हेडचे नव्हे, तुमचे नाव असेल. तोंडी दिलेल्या आदेशाची तेव्हा कोणालाही आठवण राहणार नाही.

तपासणी न झालेला किंवा मापात न बसणारा माल पाठवायचाच असेल तर त्याचा सरळ मार्ग तुमच्या धंद्यात आहे आणि चाकणला आठ वर्षे काढलेल्या माणसाला तो मी सांगण्याची गरज नाही : डेव्हिएशनचा फॉर्म भरायचा, कोणत्या मापात किती फरक आहे ते लिहायचे, ग्राहकाची संमती घ्यायची आणि मगच गाडी सोडायची. पुढच्या वेळी सही मागितली गेली की आवाज न चढवता एवढेच म्हणा, “साहेब, डेव्हिएशन काढून देतो, आपण मंजूर करा.” ते नको असेल आणि माल आधीच गेलेला असेल, तर अहवालावर त्या दिवशीची खरी तारीख घाला आणि तपासणी डिस्पॅचनंतर झाली, किंवा झालीच नाही, असे शेऱ्यात लिहा. यावरून तुम्हाला बोलणी बसतील, कदाचित विभागही बदलला जाईल. ती किंमत द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. काकती-होनग्यापासून मच्छे-उद्यमबागेपर्यंतचा हा पट्टा फौंड्री आणि मशीन शॉपवर जगतो, हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग होतात. अशा गावात क्वालिटीच्या माणसाकडे त्याच्या सहीवाचून विकण्यासारखे दुसरे काही नसते.

त्याबरोबरच रोज संध्याकाळी घरी एका साध्या वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणाले आणि कोण हजर होते, एवढे चार ओळींत लिहून ठेवा. तोंडी आदेश मिळाला की “आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक लॉट तपासणीशिवाय पाठवण्यात आला,” असा विनम्र ईमेल कंपनीच्याच पत्त्यावरून साहेबांना करा. कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकाची कागदपत्रे स्वतःच्या खासगी मेलवर पाठवण्याचा मोह मात्र टाळा. अनेक जण पुरावा म्हणून तसे करतात आणि मग गोपनीयतेच्या कलमाखाली तेच आरोपी ठरतात.

भाषेविषयीच्या शंकेचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बैलहोंगलच्या त्या गृहस्थाला कन्नडमध्येच बोलणी खावी लागली असतील, म्हणजे ती त्याला तुमच्यापेक्षा अधिक नेमकी लागली असतील. सीमाभागात १९५६ पासून भाषेची जखम वाहती आहे, त्यामुळे येथे कोणताही अन्याय झाला की पहिला संशय भाषेकडे जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. तुमच्या बाबतीत मात्र तो खरा दिसत नाही. दोन्ही भाषांची माणसे एकाच टेबलाभोवती सारख्याच खाली माना घालून बसत असताना ती एकमेकांकडे संशयाने पाहू लागली, तर त्यात साहेबांची सोयच आहे. कन्नड सुधारून घेण्याचा सल्ला मी तरीही देईन. तो साहेबांसाठी नाही, शॉप फ्लोअरवर ऑपरेटरशी नीट बोलता यावे आणि धारवाड-हुबळीकडच्या नोकऱ्या आपल्यासाठी नाहीत असे तुम्हाला वाटू नये, यासाठी आहे.

आता त्या ट्रेनी मुलाकडे येतो. तुम्ही त्याचा उल्लेख ओघात केला आहे आणि लगेच “त्याला इलाज नाही” असे म्हणून विषय मिटवला आहे. मला तो मिटवता येत नाही. साहेबांनी तुम्हाला उभे करून बोलावे याला तुम्ही अन्याय म्हणता, आणि तुम्ही त्या मुलाला सर्वांदेखत बोललात त्याला दाबाचा स्वाभाविक परिणाम म्हणता. साहेबांना विचारले तर तेही हेच सांगतील : बेंगळूरचा दाब आहे, ग्राहकाचा दाब आहे, इलाज नाही. ज्याला आपण कंपनीची संस्कृती म्हणतो आणि ज्याच्या नावाने कपाळावर हात मारतो, ती अशीच एका माणसाकडून खालच्या माणसाकडे जात असते, आणि सध्या ती तुमच्यापर्यंत येऊन तुमच्यातून पुढे जात आहे. प्लांट हेडचा स्वभाव बदलणे तुमच्या हातात नाही, एचआर तुमचे नाही, बेंगळूरला तुमचे नावही ठाऊक नसेल. त्या मुलाची सकाळ कशी जाईल, हे मात्र आजही संपूर्णपणे तुमच्या हातात आहे. विद्यावेतनावर काम करणारा तो मुलगा तुम्हाला उलट उत्तर देऊ शकत नाही, हे लक्षात घेतले तर त्याच्यावर आवाज चढवण्यात धाडस कसले, हाही प्रश्न पडावा.

आणि यात कामाचेही नुकसान आहे. गेज चुकीचा लावला म्हणून ज्याला चारचौघांत फैलावर घेतले, तो पुढच्या वेळी चूक झाली की सांगणार नाही, लपवील. तुमच्या रिजेक्शनच्या आकड्यांत जे भाग ग्राहकाकडे पोहोचल्यावर सापडतात, त्यांतले किती भाग कोणीतरी भीतीने न बोलल्यामुळे पुढे गेले असतील, याचा विचार करून पाहा. उद्या त्या मुलाला मशीनजवळ एकट्याला घ्या, त्याच्या हातात योग्य गेज द्या, गो आणि नो-गो (भागात बसायला हवी ती आणि बसू नये ती) बाजू पुन्हा दाखवा आणि परवा सर्वांसमोर बोलायला नको होते, एवढे सांगा. मोठे भाषण नको.

राहावे की जावे? माझे मत असे की जावे, पण तारीख ठरवून आणि हिशेब पुरा करून जावे. तुमची साडेचार वर्षे झाली आहेत. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. १९७२ च्या कायद्यातील ही अट कायम नोकरीत असलेल्यांसाठी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे. दर वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, आणि ते काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून समजा २६,००० रुपये असेल, तर वर्षाला १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,००० रुपये होतात. मुलीच्या शाळेचा खर्च पाहता ही रक्कम रागाच्या भरात टाकून देण्यासारखी नाही. नोटीस पिरियड धरून पाच वर्षे पूर्ण होतील अशी तारीख काढा आणि ती घरात सांगून ठेवा. तारीख ठरली की मीटिंगमधले बोल कमी लागतील असे मी म्हणणार नाही, पण ते किती दिवस ऐकायचे हे तरी ठाऊक असेल. मात्र त्याआधीच खोट्या सहीचा आग्रह टोकाला गेला, किंवा छातीतल्या धडधडीचे काही वेगळेच निघाले, तर ७५,००० रुपयांसाठी थांबू नका. धडधडीसाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. हृदय ठीक असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था दीड-दोन तासांवर आहे. तिथे जाणाऱ्याला लोक काय म्हणतील, या विचारापायी आपल्याकडे फार माणसे उगाच झुरतात.

भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढू नका, यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा निधीचा क्रमांक) तोच ठेवून खाते वर्ग करा. चाकणची आठ वर्षे त्यात जोडलेली असतील तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा तुमची आधीच पुरी झाली आहे. जोडलेली नसतील तर ते काम या आठवड्यातच करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘फुल अँड फायनल’साठी (अखेरच्या हिशेबासाठी) महिनोन्‌महिने खेटे घालायला लावले तर बेळगावातील कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. वेतनाखेरीज नोकरीचा दुसरा वाद तेथे नेला तर मात्र एक अडचण येऊ शकते : देखरेखीचे काम आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन असलेला माणूस औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ धरला जात नाही. तुमच्या कार्डावर ‘इंजिनिअर’ लिहिले आहे की ‘मॅनेजर’, यावर हे ठरत नाही. दिवसभर प्रत्यक्षात तुम्ही मापे घेता की माणसांवर देखरेख करता, हे पाहिले जाते. म्हणून नेमणूकपत्राबरोबर रोजच्या कामाचे स्वरूप दाखवणारे कागदही जपून ठेवा.

जावे कुठे, याचे उत्तर तुम्ही समजता तितके अंधारातले नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकाचे अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून प्रशिक्षण घेतले नसेल तर या सहा महिन्यांत घ्या. उद्यमबागेत मालक स्वतः मशीनवर उभा राहतो अशी लहान दुकाने आहेत. तेथे पगार थोडा कमी मिळेल, मालकही ओरडेल, पण त्याला मायक्रोमीटर वाचता येतो आणि संध्याकाळी गेट बंद झाले की तो तुम्हाला व्हॉट्सॲपवर शोधत नाही. वडिलांची तब्येत सांभाळून आठवड्याला ये-जा जमत असेल तर कोल्हापूरकडे कागल आणि गोकुळ शिरगाव आहेत, इकडे धारवाड आहे. मोठ्या नावाच्या कंपनीतून लहान शेडमध्ये गेलो म्हणून कमीपणा वाटेल. तो काही दिवस वाटू द्या.

मामांना आताच, तारीख ठरताच, स्वतः जाऊन सांगा. त्यांनी तुमच्या कामासाठी शब्द टाकला होता, आणि काम तुम्ही साडेचार वर्षे चोख केले आहे. त्यांचा शब्द तेथेच पुरा झाला. बाहेरून कानावर आले तर त्यांना वाईट वाटेल, तुमच्या तोंडून कळले तर वाटणार नाही. त्या मागच्या तारखेच्या सह्यांचेही त्यांना सांगा, म्हणजे पुन्हा त्या कंपनीत कोणाला चिकटवताना ते विचार करतील. गेटवरच्या फलकाबद्दल फार काय लिहावे. कुटुंब म्हटले की जादा तासांचा दुप्पट दर विचारायचा नसतो, एवढाच त्याचा उपयोग असावा.

प्रश्न

मी निपाणीची आहे, वय २३. पदवीनंतर पहिलीच नोकरी म्हणून चिकोडी तालुक्यात लहान कर्जे देणाऱ्या एका खासगी वित्त कंपनीत लागले. पगार १६,००० रुपये. आठ दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला. आधी सोडल्यास एक लाख रुपये भरायचे. मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे आहेत. वसुली पुरी झाली नाही तर रात्री आठ-नऊ वाजता बायकांच्या घरी जाऊन बसायला सांगतात आणि एखादीने हप्ता चुकवला तर तो आमच्या पगारातून कापतात. घरी सांगितले तर म्हणतात, “पहिल्याच नोकरीत असे करू नकोस.” मी काय करावे?

— एक वाचक, निपाणी

उत्तर

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जासाठी घालून दिलेल्या नियमांनुसार हप्ता वसुलीसाठी दोघांच्या सोयीची जागा ठरवायची असते. कर्जदार तेथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही, तरच कर्मचाऱ्याला तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तिला फोन करणेही त्या नियमांत बसत नाही. म्हणजे रात्री नऊला कोणाच्या दारात जाऊन बसण्याचा आदेश हा कडक शिस्तीचा भाग नसून नियमभंगाचा आदेश आहे, आणि त्या दारात उभी असलेली व्यक्ती म्हणून नाव तुमचे येते, शाखाधिकाऱ्याचे नाही. हा आदेश व्हॉट्सॲपवर लेखी मागा. बहुधा तो लेखी मिळणार नाही आणि त्या रात्रीपुरते जाणेही टळेल.

कर्जदाराने हप्ता चुकवला म्हणून तो तुमच्या पगारातून कापता येत नाही. तुमच्या हलगर्जीमुळे तुमच्या ताब्यातील पैशाचे नुकसान झाले, तर आणि तरच कपातीला आधार असतो, आणि तेव्हाही तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आजवरच्या पगारपावत्या आणि बँकेचा तपशील काढून कपात झालेली रक्कम महिन्यागणिक लिहून ठेवा.

बाँडबद्दल खोटा दिलासा देणार नाही. असा कोणताही बाँड रद्दबातलच असतो, असे लोक सांगतात ते खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. परंतु तो अधिकारी देशव्यापी निवडप्रक्रियेतून घेतलेला होता आणि नव्या भरतीचा बँकेला होणारा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला होता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. एक लाख हा आकडा कागदावर लिहिला म्हणून एक लाख आपोआप देय होत नाहीत. १६,००० पगार आणि आठ दिवसांचे प्रशिक्षण यांवर कंपनीला एक लाखाचा तोटा दाखवता येईल असे मला वाटत नाही. खटल्याची भीती घालतील, प्रत्यक्षात या रकमेसाठी न्यायालयात जाणाऱ्या कंपन्या थोड्या असतात.

गुणपत्रिका ही तारण ठेवण्याची वस्तू नव्हे. पुढील शिक्षणासाठी मूळ प्रती हव्यात असे कारण देऊन आधी ईमेलने मागा, पंधरा दिवसांत न मिळाल्यास स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवा, आणि तरीही न दिल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. बहुतेक वेळा दुसऱ्या पत्रावरच कागद परत येतात. राजीनाम्याचा विषय कागद हाती येईपर्यंत शाखेत कोणाजवळही काढू नका. दरम्यान दुसरीकडे अर्ज करताना गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती चालतील का, हे विचारून ठेवा, आणि कागद अगदीच अडकले तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मिळवण्यासाठी काय लागते तेही पाहून ठेवा.